मातृत्व आणि लांब पल्ल्याची शर्यत

ता. ४ नोव्हेंबर २००७ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील मॅरेथॉन शर्यत इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ हिनें २ तास २३ मिनिटें ९ सेकंदांत जिंकली. ह्या विजयाची वार्ता पसरली तेव्हां तिच्या वेळेपेक्षां एका निराळ्याच गोष्टीची चर्चा अधिक झाली. तिची कन्या त्याच वर्षीं जानेवारी महिन्यांत जन्मली होती. म्हणजे बाळ अवघें साडेनऊ महिन्यांचें असतां ही माता सव्वीस मैलांहून अधिक अंतर धांवून सर्वांच्या पुढें आली होती.

असें वृत्त कानीं आलें म्हणजे आपल्याकडे दोन उद्गार हमखास ऐकूं येतात. कोणी म्हणतो, "तान्हें लेंकरूं घरीं ठेवून शर्यती कसल्या पळावयाच्या!" दुसरा म्हणतो, "काय ही बाई! हा तर केवळ चमत्कार!" पहिल्या उद्गारांत दोषारोप आहे, दुसऱ्यांत स्तुति आहे, परंतु दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे, ती ही कीं, आई झाल्यावर स्त्रीनें मैदानावर परत येणें ही सृष्टिक्रमाविरुद्ध गोष्ट होय. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. माता होऊन पुन्हां शर्यतींत उतरणें हा अपराध नव्हे आणि चमत्कारहि नव्हे. तें कष्टाचें काम आहे. त्यास वेळ लागतो, माणसांचें साहाय्य लागतें व पैसा लागतो. आणि हीं तीन साधनें पुरविण्याचा भार एकट्या त्या स्त्रीवर टाकून तिच्या कीर्तीचा आनंद मात्र सर्वांनीं वांटून घेणें न्याय्य नाहीं.

प्रथम इतिहासाकडे वळूं. स्त्रीचें शरीर लांब धांवण्यासाठीं घडलेलेंच नाहीं, हें मत पूर्वीं मोठमोठे विद्वान् लोक छातीठोकपणें सांगत असत. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांसाठीं ८०० मीटरची शर्यत प्रथमच ठेवण्यांत आली. जर्मनीच्या लीना राडके हिनें ती जिंकली. अंतिम शर्यतींत नऊ जणी होत्या व नऊही जणींनीं ती पुरी केली. तथापि वर्तमानपत्रांनीं मात्र बिचाऱ्या बायका धडाधड कोसळल्याचीं वर्णनें छापलीं. शर्यतीनंतर धाप लागून पुरुषहि जमिनीवर आडवे होतात. पण त्यावरून पुरुषांनीं धांवूं नये असें कोणी अनुमान काढलें नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत तें तत्काळ काढलें गेलें व ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळली गेली. ती परत आली १९६० सालीं, रोम येथें. १५०० मीटरसाठीं १९७२ साल उजाडावें लागलें, आणि मॅरेथॉनसाठीं १९८४. एका खोट्या बातमीची किंमत मुलींच्या दोन पिढ्यांनीं मोजली.

ज्या काळीं कुमारिकांच्या धांवण्याविषयींहि इतकी धास्ती होती, त्या काळीं मातेचें नांव कोण काढणार? तें काढावयास भाग पाडलें हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन हिनें. १९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांस ती आली तेव्हां तिचें वय तीस वर्षांचें होतें व ती दोन मुलांची आई होती. तिनें घरीं मुलांजवळ बसावें, असा उपदेश करणारे पुष्कळ निघाले. तिनें चार सुवर्णपदकें मिळवून त्यांस उत्तर दिलें. तिच्या शर्यती आंखूड पल्ल्याच्या होत्या हें खरें. परंतु बंद असलेलें दार तिनें प्रथम किलकिलें केलें.

लांब पल्ल्याच्या बाबतींत नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियान्सेन हिचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १९८३ च्या ऑगस्टांत तिला पुत्र झाला. १९८४ च्या जानेवारींत तिनें अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील मॅरेथॉन जिंकली. त्याच वर्षीं जून महिन्यांत ५००० मीटर अंतर पंधरा मिनिटांच्या आंत धांवणारी ती जगांतील पहिली स्त्री ठरली. आणि १९८५ सालीं लंडन येथें २ तास २१ मिनिटें ६ सेकंदांत मॅरेथॉन धांवून तिनें जागतिक विक्रम केला. म्हणजे तिच्या कर्तृत्वाचा मोठा भाग मातृत्वाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे आहे. स्कॉटलंडच्या लिझ मॅकोल्गन हिची कन्या आयलीश ही १९९० च्या नोव्हेंबरांत जन्मली, आणि १९९१ च्या ऑगस्टांत टोकियो येथें लिझ १०,००० मीटरची जगज्जेती झाली.

आणि आजच्या काळांतील केनियाची फेथ किपयेगॉन! २०१६ सालीं रिओ येथें तिनें १५०० मीटरचें सुवर्णपदक जिंकलें होतें. २०१८ च्या जूनमध्यें तिला कन्यारत्न झालें. २०१९ सालीं दोहा येथील जागतिक स्पर्धेंत ती दुसरी आली. त्यानंतर २०२१ सालीं टोकियोंत व २०२४ सालीं पॅरिसमध्यें तिनें पुन्हां ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. ह्या अंतराचीं लागोपाठ तीन सुवर्णपदकें तिच्यापूर्वीं कोणत्याहि स्त्रीस मिळालीं नव्हतीं. २०२३ च्या जून व जुलै ह्या दोन महिन्यांतच १५०० मीटर, ५००० मीटर व एक मैल ह्या तिन्ही अंतरांचे जागतिक विक्रम तिनें केले, आणि २०२५ च्या जुलैंत १५०० मीटरचा आपलाच विक्रम मोडून तो ३ मिनिटें ४८.६८ सेकंदांवर आणला.

हीं उदाहरणें दिल्यावर एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. बाळंतपणानें स्त्री अधिक वेगवान् होते, असा एक नवाच भ्रम अलीकडे कोठें कोठें आढळतो. गरोदरपणीं शरीरांतील रक्ताचें प्रमाण सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतें ही गोष्ट खरी. पण प्रसूतीनंतर कांहीं आठवड्यांतच तें पूर्ववत् होतें. उलट पोटाचे स्नायू ताणलेले असतात, कटिभागाच्या तळाचे स्नायू दुर्बल झालेले असतात, सांधे सैल झालेले असतात, अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांतील कॅल्शियम दुधावाटे जातें, आणि रात्रीची झोंप तर नांवालाच उरते. रॅडक्लिफ हिचीच गोष्ट पाहा. तिनें घाईनें सराव सुरू केला, तेव्हां कमरेखालील त्रिकास्थीस सूक्ष्म तडा जाऊन तिला कित्येक आठवडे धांवणें बंद ठेवावें लागलें. ब्रिटनमधील तीन भौतिकोपचारतज्ज्ञांनीं २०१९ सालीं जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तींत प्रसूतीनंतर निदान बारा आठवडे धांवण्याचा विचार करूं नये, आणि त्यानंतरहि स्नायूंची परीक्षा करूनच हळूहळू आरंभ करावा, असें सांगितलें आहे.

हें वाचून आमच्या आज्यांस नवल वाटणार नाहीं. बाळंतिणीला सव्वा महिना घरांतून हलूं न देणें, तिला शेक देणें, अळीव व डिंकाचे लाडू खाऊं घालणें, पहिल्या बाळंतपणास तिला माहेरीं आणणें, ह्या रूढींत कांहीं भाग भाबडेपणाचा असेल. परंतु त्यांच्या मुळाशीं एक शहाणपण निःसंशय आहे. प्रसूति हें मोठें श्रमाचें काम आहे, त्यांतून उठणाऱ्या स्त्रीस विश्रांति हवी, अन्न हवें, मायेचें माणूस हवें, आणि ही व्यवस्था तिनें नव्हे, इतरांनीं करावयाची असते, हें आमच्या समाजानें कधींच ओळखलें आहे. उणीव एवढीच कीं, आमची ही व्यवस्था सव्वा महिन्यानें संपते, आणि तिचा शेवट स्त्रीला चुलीपाशीं परत नेऊन सोडण्यांत होतो. ती पूर्वीं जें काम करीत होती, जी विद्या शिकत होती किंवा जो खेळ खेळत होती, त्याकडे तिला परत पोंचविणारें माहेर अद्याप कोणी बांधलेलें नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला व सर्वांत जुना आक्षेप असा कीं, ह्यांत लेंकराची आबाळ होते. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, कारण त्यांत बाळाची कळकळ आहे. तान्ह्या मुलाला आई हवी, ह्याविषयीं दुमत नाहीं. परंतु आमच्याच एका आवडत्या आख्यायिकेकडे वाचकांनीं नीट पाहावें. रायगडाचे दरवाजे संध्याकाळीं बंद झाले म्हणून हिरकणी गवळण भयंकर कडा उतरून आपल्या तान्ह्याकडे गेली, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतों आणि तिच्या वात्सल्यापुढें नतमस्तक होतों. पण हिरकणी गडावर गेली होती कशाला? दूध विकावयास. तें तिचें रोजचें काम होतें. तान्हें बाळ घरीं ठेवून ती तें करीत होती, आणि त्याबद्दल तिला कोणी कठोर हृदयाची म्हटलें नाहीं. कथेंतील तिचें उतरणें आम्ही ध्यानांत ठेविलें, चढणें मात्र विसरलों. काम आणि वात्सल्य हीं एकाच बाईच्या ठायीं नांदूं शकतात, हें ती कथा रचणाऱ्यांस ठाऊक होतें.

२०१९ च्या जानेवारींत इंग्लंडांतील पेनाइन डोंगराच्या वाटेनें २६८ मैलांची एक शर्यत झाली. भर हिंवाळा, बर्फ व रात्रीचा काळोख अशा स्थितींत जॅस्मिन पॅरिस नांवाच्या स्त्रीनें ती ८३ तास १२ मिनिटांत पुरी करून सर्व पुरुषांसह सर्वांवर मात केली. तिची मुलगी तेव्हां चौदा महिन्यांची होती, आणि वाटेंतील थांब्यांवर ती आपलें दूध काढून ठेवीत होती. आयलीश मॅकोल्गन, जिची आई ती नऊ महिन्यांची असतां जगज्जेती झाली, ती पुढें स्वतः धांवूं लागली व २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें राष्ट्रकुल स्पर्धेंतील १०,००० मीटरचें सुवर्णपदक तिनें मिळविलें. तेंच पदक तिच्या आईनें १९८६ व १९९० सालीं मिळविलें होतें. आईच्या धांवण्यानें ह्या मुलीचें अकल्याण झालें असें कोण म्हणेल?

शिवाय हा प्रश्न केवळ आईलाच कां विचारला जातो, हेंहि पाहण्याजोगें आहे. केनियांत काप्तागात येथें धांवपटूंचा एक प्रसिद्ध तळ आहे. तेथें राहणारीं मंडळी आठवड्याचे दिवस तळावर सराव करून रविवारसाठीं घरीं जातात. एलिउड किपचोगे हा मॅरेथॉनवीर तीन मुलांचा बाप असतां वर्षानुवर्षें ह्या रीतीनें राहिला, आणि जगानें त्यास तपस्वी म्हणून गौरविलें. त्याच मंडळींत किपयेगॉनहि सराव करूं लागली. बाप मुलांपासून दूर राहिला तर तें तप, आणि आई राहिली तर ती आबाळ, असा न्याय कोणत्या तराजूनें तोलला जातो? मुलास जितकी आई हवी, तितका बापहि हवा. आणि बाप जर घरचा भार उचलील, तर आईच्या पायांतील अर्धी बेडी आपोआप गळून पडेल.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे व आम्हांस तो अधिक वजनदार वाटतो. तो असा कीं, अशा विजयिनींचीं चरित्रें गाऊन आपण सामान्य बाळंतिणीच्या पाठीवर चाबूक उगारतों. "ती नऊ महिन्यांत जग जिंकते, आणि तुला अजून घरचें काम झेपत नाहीं?" असें म्हणणारी सासू वा नवरा काय दूर शोधावयास हवा? हा धोका खरा आहे. म्हणूनच आम्ही आरंभीं म्हटलें कीं, हा चमत्कार मानूं नये. चमत्कार म्हटला कीं साधनांचा विचार संपतो, आणि ज्या स्त्रीस ती साधनें मिळालीं नाहींत तिला दोष देणें सोपें होतें. ह्या विजयिनींच्या मागें शिक्षक होते, वैद्य होते, पति व आप्त होते. पुष्कळींच्या मागें पैसाहि होता. परत येण्याचा हक्क म्हणजे परत येण्याची सक्ति नव्हे. सावकाश येण्याचा, आणि मनास वाटल्यास मुळींच न येण्याचा हक्कहि त्यांतच आला पाहिजे.

ही सक्ति कशी होते हें अमेरिकेंतील धांवपटूंनीं २०१९ सालीं उघड केलें. अलीशिया मोंटॅनो हिनें २०१४ सालीं आठवा महिना उलटलेला असतां राष्ट्रीय स्पर्धेंत ८०० मीटर धांवून सर्वांस थक्क केलें होतें. तिनें २०१९ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्स ह्या पत्रांतून सांगितलें कीं, ज्या कंपन्या खेळाडूंच्या नांवावर आपले जोडे विकतात, त्या गरोदरपणांत त्यांचें वेतन कापतात वा थांबवितात. कॅरा गाउचर ह्या मॅरेथॉनपटूची हकीकत तर मनाला चटका लावणारी आहे. पुन्हां शर्यतींत उतरेपर्यंत पैसे मिळणार नाहींत असें कळल्यामुळें तिला प्रसूतीनंतर लवकरच कठोर सराव सुरू करावा लागला. आणि मुलगा आजारी पडून रुग्णालयांत असतां त्याच्याजवळ बसण्याऐवजीं आपणांस धांवावयास जावें लागलें, असें तिनें सांगितलें. येथें लेंकराची आबाळ कोणी केली? आईच्या महत्त्वाकांक्षेनें, कीं करारपत्रानें? अशा तक्रारींमुळें एवढा गहजब झाला कीं, त्याच वर्षींच्या ऑगस्टांत नायकी कंपनीस आपले नियम बदलून प्रसूतीच्या आधींचे व नंतरचे मिळून अठरा महिने वेतन न कापण्याचें मान्य करावें लागलें.

ह्यांत परदेशाचें नवल करण्याचें कारण नाहीं. हा प्रश्न आमच्या मुंबईनें त्याच्या नव्वद वर्षें आधींच ओळखला होता. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांस बाळंतपणाच्या काळीं भत्ता मिळावा म्हणून मुंबई इलाख्यानें १९२९ सालीं कायदा केला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. त्याच्या विधेयकावर १९२८ सालीं कायदे कौन्सिलांत चर्चा झाली तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं त्यास पाठिंबा दिला आणि प्रसूतीपूर्वीं व नंतर मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें प्रतिपादन केलें. पुढें स्वतंत्र भारतांत २०१७ सालीं पगारी रजेची मुदत पहिल्या दोन अपत्यांसाठीं २६ आठवड्यांपर्यंत वाढविण्यांत आली. सूत कांतणाऱ्या मातेस जो न्याय लागू आहे, तोच पायांवर पोट असलेल्या मातेस कां लागू नसावा? खेळाडूचें धांवणें हेंहि तिचें काम आहे.

नियम बदलले म्हणजे काय होतें, ह्याचेंहि उदाहरण आहे. २०१८ सालीं आल्प्स पर्वतांतील मों-ब्लां भोंवतालच्या लांब शर्यतींत सोफी पॉवर ही इंग्रज स्त्री तीन महिन्यांच्या बाळाला वाटेंत पाजीत बसलेली आहे, असें एक छायाचित्र जगभर गाजलें. लोकांनीं वाहवा केली. परंतु ती तेथें आली होती नाइलाजानें. दुखापत झालेल्यास आपली जागा पुढील वर्षासाठीं राखून ठेवतां येत असे, गरोदर स्त्रीस ती सवलत नव्हती. त्या एका चित्रानें चर्चा पेटली, आणि पुढें त्या शर्यतीनें व लंडनसारख्या इतर मोठ्या शर्यतींनीं आपले नियम सुधारले. २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक क्रीडाग्रामांत खेळाडू मातापित्यांच्या मुलांसाठीं प्रथमच बालकगृह उघडण्यांत आलें. एक खोली, एक नियम, थोडे महिने वेतन: चमत्कार ज्यास म्हणतात तो पुष्कळसा ह्यांतून घडतो.

आमच्याकडे मुली धांवूं शकतात कीं नाहीं, हा प्रश्न आतां उरला नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांतून आलेल्या कविता राऊत ह्यांनीं २०१० सालीं आशियाई स्पर्धेंत १०,००० मीटरचें रौप्यपदक मिळविलें. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतील ललिता बाबर ह्यांनीं २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठली. केरळच्या पी. टी. उषा ह्या तर माता झाल्यानंतर मैदानावर परतल्या आणि १९९८ सालीं फुकुओका येथील आशियाई स्पर्धेंत त्यांनीं पदकें मिळविलीं. उरतो तो प्रश्न ह्या मागून येणाऱ्या असंख्य मुलींचा. सातवी-आठवींत जी मुलगी मैदानावर सर्वांच्या पुढें असते, तीच दोन वर्षांनीं मैदानाच्या कडेला उभी असलेली दिसते. आणि लग्न ठरलें कीं तिचे धांवण्याचे जोडे माळ्यावर जातात. त्यावेळीं तिला कोणी स्पष्ट मनाई करतोच असें नाहीं. धांवणें हें कुमारवयांतलें खूळ आहे, बाईमाणसाचें तें काम नव्हे, अशी सर्वांची मुकाट संमति झालेली असते. मातृत्वानंतर परत येण्याची वाट जिला ठाऊकच नाहीं, ती मातृत्वाच्या पुष्कळ आधींच खेळ सोडून देते. म्हणून मूठभर विजयिनींचा हा प्रश्न वस्तुतः शाळेंतील प्रत्येक मुलीचा प्रश्न आहे.

तेव्हां ह्या अंकाच्या वाचकांस आमची विनंति अशी आहे. पालकांनीं मुलीच्या धांवण्याला लग्नापर्यंतची मुदत घालूं नये. शाळांनीं मुलींच्या शर्यती बक्षिससमारंभाची शोभा म्हणून न भरवितां वर्षभर त्यांस नियमानें शिकवावें, आणि ज्या माजी विद्यार्थिनी आतां माता झाल्या आहेत त्यांसहि सकाळ-संध्याकाळ मैदान खुलें ठेवावें. आणि जे मुलगे आज हा लेख वाचीत आहेत, त्यांनीं एक गोष्ट मनाशीं आतांच ठरवून ठेवावी. उद्यां त्यांच्या घरीं पाळणा हालेल, तेव्हां सकाळीं तासभर बाळाला खांद्यावर घेऊन अंगणांत फिरण्यास त्यांनीं लाजूं नये. तो एक तास ज्या स्त्रीस मिळेल ती जागतिक विक्रम करीलच असें नाहीं. बहुधा करणार नाहीं. ती गांवाबाहेरच्या रस्त्यानें दोन मैल धांवून येईल, घामेजलेल्या हातांनीं बाळ परत घेईल, आणि दिवसाच्या कामास लागेल. तेवढें झालें तरी पुष्कळ झालें.